अंतराळवीर आणि आपले वैद्यक

गेल्या पंधरवड्यात पवईच्या आमच्या चिकित्सालयात एक निवृत्त फिटर कटिशूलासाठी आले होते. कटिबस्ती चालू असता गगनयानाचा विषय निघाला. २०२४ मध्ये या कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०,१९३ कोटी रुपयांवर गेली, तेवढ्यात किती रुग्णालये उभी राहिली असती, असे आम्ही सहज बोलून गेलो. पालथे पडल्या पडल्याच ते म्हणाले, "डॉक्टर, उपग्रह वर सोडला की काम झालं. माणसाला परत आणायचं असतं."

या वाक्याने आम्हांस आमचे मत पुन्हा तपासावे लागले.

येथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून २०२० मध्ये गगनयानासाठीच्या एस-२०० बूस्टरचा मधला खंड रवाना झाला. लांबी साडेआठ मीटर, व्यास ३.२ मीटर, वजन साडेपाच टन. याच जातीच्या बूस्टरांनी पूर्वी उपग्रह वर नेले आहेत. परंतु आत मनुष्य बसणार म्हटल्यावर प्रत्येक भागाची नव्याने परीक्षा आली, आणि यान संकटात सापडल्यास त्यास क्षणार्धात दूर नेणारी स्वतंत्र यंत्रणा आली. तिची एक चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यास झाली. खर्चाचा मोठा भाग या परतीच्या वचनाचा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी परतीच्या वाटेवर गेले, हे स्मरले म्हणजे त्या वचनाचे मोल कळते.

वैद्य म्हणून मात्र आम्हांस दुसरीच गोष्ट अधिक विचारात पाडते. अंतराळस्थानक भूमीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथेही पृथ्वीचे आकर्षण जवळजवळ नऊ दशांश असते. परंतु यान व मनुष्य दोघेही अखंड पडत असल्याने भार जाणवत नाही. गुर्वादि गुणांतील पहिलाच गुण जणू अनुभवातून वजा होतो! मग द्रव ऊर्ध्वभागी सरकून मुख सुजल्यासारखे दिसते, पाय कृश होतात, मांसक्षय होतो, भार वाहणाऱ्या अस्थींची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. चोवीस तासांत सोळा सूर्योदय. निद्रेने कोणता काळ धरावा? म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम, मोजका आहार, घड्याळाने आखलेली रात्र. देश व काल सोडून गेलेल्या मनुष्याभोवती देश व काल पुन्हा रचावे लागतात. लोकपुरुषसाम्य आम्ही महाविद्यालयात परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ आम्हांस या उलट्या वाटेने उमगला.

येथे व्यवसायबंधूंस आणि औषधालयचालकांस स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ल अठरा दिवस स्थानकावर राहिले, तेथे मूग व मेथी अंकुरित करण्याचा प्रयोग झाला. त्यावर "हे सारे संहितांत आहेच" असे एका स्नेह्यांनी आम्हांस ऐकविले. नाही, हे संहितांत नाही. भाररहित पुरुषाची नाडी कोणाही आचार्याने पाहिली नव्हती. मेथीच्या चूर्णावर उद्या यानाचे चित्र छापले गेले, तर ती संहितांचीच अप्रतिष्ठा होईल. त्यापेक्षा १९८४ चे उदाहरण पाहावे. राकेश शर्मा यांनी सॅल्यूत-७ वर योगासने केली, ती प्रयोग म्हणून, आणि शरीरावर होणारा परिणाम मोजून. आपल्या अस्थिक्षयाच्या रुग्णांच्या नोंदी आपण इतक्या काटेकोरपणे ठेवतो काय?

भूमीवर अंतराळवासाचा अभ्यास निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे डोके किंचित खाली ठेवून निजवून करतात, कारण शय्येवरही अस्थी व मांस तसेच झिजते. असे शय्यापरायण वृद्ध आपल्या प्रत्येकाच्या यादीत आहेत. चांदिवलीच्या आमच्या एका आजींना अभ्यंगानंतर आता रोज दोन वेळा धरून उभे करवितो. पूर्वी आम्ही केवळ अभ्यंग करून परतत असू.