हात हवेत, कूस नको

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांच्या नजरा गरीब बाईच्या पोटाकडे वळतात. आणीबाणीत पुरुषांच्या सक्तीच्या नसबंदीने सत्ता गेली. त्यातून राज्यकर्ते शिकले ते एवढेच, की पुरुषांना हात लावायचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रिया सुमारे ३८ टक्के आहेत, पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही! १९९४ च्या कैरो परिषदेत स्त्री-संघटनांनी भांडून 'प्रजनन हक्क' हा शब्द आणला. १९९६ साली आपल्या सरकारनेही उद्दिष्टे कागदावरून काढली. तरी २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि डझनाहून अधिक जणी जीवानिशी गेल्या.

त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी १.७ मुले आहेत. म्हणजे ज्या 'स्फोटा'ची भीती घातली जाते, तो इथे केव्हाच विझला आहे. तिकडे आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट रद्द केली, आणि मुख्यमंत्री जास्त मुले होऊ द्या म्हणू लागले. काल कमी, आज जास्त. बाईला विचारले ना तेव्हा, ना आता.

हाच धागा धरून देशाबाहेर पाहू. श्रीमंत देशांत म्हातारी माणसे वाढली, मुले कमी झाली. तिथल्या बायका नोकरीला लागल्या, पण घरकाम आणि सेवा पुरुषांनी बरोबरीने उचलली नाही आणि सरकारांनीही पुरेशी जबाबदारी घेतली नाही. ती पोकळी गरीब देशांतल्या बायकांनी भरायची. 'खाउजा' धोरणात भांडवल आणि माल सीमा ओलांडून हिंडतो. बाईला मात्र अर्धेच यायची परवानगी मिळते: हात घेऊन ये, कूस घरी ठेव.

ही अतिशयोक्ती नाही. सिंगापूर पाहा. तिथला जन्मदर १ च्याही खाली गेला आहे. मूल व्हावे म्हणून २००१ पासून सरकार तिथल्या नागरिक जोडप्यांना रोख पैसे देते. त्याच घरांतून राबणाऱ्या परदेशी मोलकरणींची मात्र दर सहा महिन्यांनी तपासणी होते, त्यात गर्भ आहे का तेही पाहिले जाते. दिवस गेले असतील तर सहसा परवाना रद्द आणि मायदेशी रवानगी. एकाच छताखाली मालकिणीच्या पोटाला बक्षीस आणि मोलकरणीच्या पोटाला शिक्षा! ब्रिटनने वृद्धसेवेसाठी परदेशातून माणसे बोलावली, मग ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या सेविकांना नवरा-मुले आणायला बंदी केली, आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवी भरतीच बंद केली. जपानच्या २०१९ च्या नव्या व्हिसातही सेवा-शुश्रूषेसाठी येणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत राबता येते, पण कुटुंब नेता येत नाही.

आपल्याला हे नवे नाही. बीडच्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या. पाळीमुळे खाडा नको, दंड नको, उचल फिटली पाहिजे. मुकादम असो की परदेशी सरकार, हिशेब एकच. बाईला वाढवण्याचा खर्च तिच्या आईने आणि गावाने करायचा, तिची मुले आजीने किंवा थोरल्या बहिणीने सांभाळायची (त्या थोरलीची शाळा सुटते, ते कुणाच्याच हिशेबात येत नाही), आणि ऐन उमेदीची वर्षे मालकाने घ्यायची.

यावर आपल्या सरकारचे उत्तर काय? दहावी न झालेल्या बाईला घरकामासाठी आखाती देशांत जायचे, तर तिचे वय किमान ३० हवे. हेतू संरक्षणाचा, पण अशा अटींमुळे कितीतरी जणी दलालामार्फत पर्यटक म्हणून जातात आणि कुठल्याच नोंदीत राहत नाहीत. घरकामगारांच्या हक्कांचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून मान्य केलेला नाही. बंदी घालणे मला तरी मान्य नाही. मारहाणीच्या घरातून सुटायला, स्वतःच्या नावाचे खाते उघडायला परदेशची नोकरी काहींना उपयोगी पडते. जाण्याचा हक्क हवाच, पण माणूस म्हणून, आख्खे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जर्मनीत कुटुंब नेण्याची सोय आहे, बाळंतपणाचे संरक्षणही कायद्यात आहे, हे मान्य करायला हवे. पण असे करार आणखीही होतील, इतर देशांशीही. ते होण्याआधी स्त्री-संघटनांनी मसुदा मराठीत मागितला पाहिजे. त्यात बाईला दिवस गेले तर नोकरीचे काय, मुलांना नेता येईल का, मालक बदलता येईल का, दलालाचे पैसे कोण भरणार, हे स्पष्ट लिहून घेतले पाहिजे. आणि इथून परिचारिका गेल्यावर आपल्या ग्रामीण रुग्णालयांत रात्रपाळीला कोण उभे राहणार, हेही आरोग्य खात्याला आत्ताच विचारायला हवे.