मंत्रालयातली जाळी, कलम 226 आणि एक अवघड प्रश्न : टोकाचं पाऊल आजाराचं की माणसाचं?

मुंबईत मंत्रालयाच्या मधल्या मोकळ्या चौकात एक मोठी जाळी लावलेली आहे. वरच्या मजल्यावरून कुणी उडी मारली तर जीव वाचावा, हा तिचा उद्देश. ती बसवली फेब्रुवारी 2018 मध्ये. त्याच्या आधीच्याच महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे मारून थकल्यावर मंत्रालयातच टोकाचं पाऊल उचललं होतं. त्यांचा मृत्यू झाला.

पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये हीच जाळी पुन्हा चर्चेत आली. तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी आंदोलन म्हणून तिच्यावर उड्या मारल्या. त्यावर मीम्स आले आणि दोन दिवसांत विषय संपला.

पण या जाळीखाली एक प्रश्न तसाच पडून आहे. सरकारी कार्यालयात जाऊन जिवावर उदार होणारा माणूस नेमका कोण? रुग्ण, गुन्हेगार की आंदोलक? आणि हे ठरवणार कोण?

कायदा काय म्हणतो?

कायदा इथे दोन तोंडांनी बोलतो.

भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याची धार काढून घेतली. त्याचं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं. उलट सिद्ध होत नाही तोवर तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. तिच्यावर उपचार आणि तिचं पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात जुनं 309 राहिलं नाही. पण कलम 226 आलं. सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते.

म्हणजे हेच कृत्य घरात घडलं तर ताण, आणि साहेबाच्या दालनासमोर घडलं तर गुन्हा.

मुंबईतलाच एक जुना खटला

हा पेच नवा नाही. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका पोलीस कॉन्स्टेबलचं प्रकरण आलं. रस्ते अपघातानंतर त्यांना मानसिक आजार झाला होता. पोटापाण्यासाठी एका छोट्या दुकानाचा परवाना हवा होता, आणि त्या कामासाठी महापालिकेत गेले असताना त्यांनी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. पोलिसांनी 309 लावलं.

न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. आजारामुळे असं पाऊल उचलणाऱ्याला उपचार हवेत, तुरुंग नको, असा निकालाचा रोख होता. 1994 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तशीच भूमिका घेतली, पण 1996 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फिरवली आणि 309 कायम राहिलं.

त्या कॉन्स्टेबलचं प्रकरण आज घडलं असतं तर? आजार होता, त्यामुळे 115 ची ढाल आहे. पण जागा सरकारी कार्यालय होती आणि मागणी परवान्याची होती, त्यामुळे 226 चा धोकाही आहे. एकाच माणसात रुग्ण आणि मागणी करणारा नागरिक असे दोघे असू शकतात, ही शक्यता दोन्ही कलमांच्या चौकटीत नीट बसत नाही.

तत्त्वज्ञ मध्ये कुठून आले?

आजार कुठे संपतो आणि माणसाचा स्वतःचा निर्णय कुठे सुरू होतो, यावर जगभरातले तत्त्वज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ बऱ्याच वर्षांपासून एकत्र बसून वाद घालतायत. अमेरिकेत 1989 मध्ये यासाठी दोन्ही क्षेत्रांची एक संघटना तयार झाली. मनोविकारतज्ज्ञांचं मोठं वार्षिक अधिवेशन जिथे भरतं, तिथेच तिची परिषद भरत आली आहे. 1994 पासून या विषयाचं स्वतंत्र नियतकालिकही निघतं.

डॉक्टर असताना तत्त्वज्ञ कशाला? कारण काही प्रश्न रक्ततपासणीत सुटत नाहीत. 1973 पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत समलैंगिकता हा आजार होता. त्या वर्षी तो काढला, आणि पुढच्या वर्षी सदस्यांच्या मतदानात सुमारे 58 टक्क्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. 'आजार' या शब्दात विज्ञानासोबत समाजाची मूल्यंही दडलेली असतात, हे तेव्हा उघड झालं.

'जाऊ दे, तो आजारी आहे'

ब्रिटिश तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी 1962 च्या एका व्याख्यानात यातली मुख्य गोष्ट सांगितली. कुणी आपल्याशी वाईट वागलं की आपल्याला राग येतो. तो राग म्हणजे समोरच्याला आपण बरोबरीचा माणूस मानल्याची खूण असते. पण हा आजारी आहे असं कळलं की राग मावळतो. आता त्याच्याशी वाद घालायचा नसतो, त्याला सांभाळायचं असतं.

'जाऊ दे, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस', हे आपण घरात किती सहज म्हणतो! त्यात माया असते. पण किंमतही असते. ज्याच्या रागाला अर्थ नाही, त्याच्या तक्रारीलाही हळूहळू अर्थ उरत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 मध्ये या अन्यायाला सैद्धांतिक चौकट दिली. पूर्वग्रहामुळे कुणाच्या बोलण्यावर कमी विश्वास ठेवणं हाही अन्यायच आहे, असं त्या मांडतात. मानसिक आजाराचा शिक्का बसलेल्यांना तो रोज सोसावा लागतो.

मग मधला रस्ता आहे का?

तत्त्वज्ञ हॅना पिकार्ड यांनी ऑक्सफर्डमध्ये व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या रुग्णांसोबत काम केलं. त्यांचा मुद्दा साधा आहे : जबाबदारी आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुझं वागणं बदलणं तुझ्या हातात आहे' असं न दुखावता, न झिडकारता सांगता येतं. बरं व्हायचं असेल तर ते सांगावंच लागतं.

पुण्यात बापू ट्रस्ट उभा करणाऱ्या दिवंगत भार्गवी दावर याही मूळच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचे निर्णय दुसऱ्यांनी घेऊ नयेत, तिला निर्णय घ्यायला आधार द्यावा, ही त्यांच्या कामाची दिशा होती.

2017 च्या कायद्यातही याचे धागे आहेत. उपचारांबाबत एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमताच नाही असं म्हणता येणार नाही, असं कलम 4 सांगतं. आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क कलम 5 देतं.

जाळीच्या पलीकडे

आता पुन्हा मंत्रालयात येऊ. टोकाचं पाऊल उचलणाऱ्याला फक्त 'तणावग्रस्त' म्हटलं, तर त्याचा अडकलेला मोबदला हा विषय गायब होतो. फक्त 'दबाव आणणारा' म्हटलं, तर त्याची वेदना गायब होते. दोन्ही वेळा फाईल मात्र टेबलावर तशीच राहते.

जीव वाचवायला जाळी हवीच. पण वाचलेल्या माणसाला दोन गोष्टी लागतात : त्याच्या मनासाठी उपचार, आणि त्याच्या अर्जाला उत्तर. एक दिलं म्हणून दुसरं टाळता येत नाही.

(तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाला जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनवर 14416 या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं.)