वयांत आलेल्या मुलाचें मुकें दुखणें

ओटीपोटांत दुखतें, लघवीस आग होते, धार तुटक येते, हें गाऱ्हाणें १६-१७ वर्षांच्या मुलानें एकत्र कुटुंबांत कोणापाशीं सांगावें? वडिलांचा धाक, आईपाशीं संकोच, आजोबांची मर्यादा! मग तो अभ्यासांत मागें पडतो, आणि आपल्याच एखाद्या संवयीचें हें फळ अशा समजुतीनें मनांत झुरत राहतो. म्हणून हा विषय सुज्ञ वाचकांपुढें मांडणें अवश्य वाटतें.

मूत्राशयाच्या खालीं पौरुषग्रंथि असते, तीच प्रोस्टेट. त्या भागीं महिनोन्महिने दुखत राहिलें कीं त्यास जुनाट प्रोस्टेटदाह म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें १९९५ सालीं प्रोस्टेटदाहाचे ४ प्रकार ठरविले. बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या प्रकारांत मोडतात, आणि त्यांत रोगजंतु सांपडत नाहींत. तेथें जंतुनाशक औषधांच्या पाळ्यांमागून पाळ्या देऊन काय साधणार?

पुष्कळदां दुखण्याचें मूळ स्नायूंत असतें. ओटीपोटाच्या तळाशीं स्नायूंची जणूं झोळीच आहे. लघवीच्या वेळीं ती सैल पडावयास हवी. परंतु चिंतेनें किंवा वेग रोखण्याच्या संवयीनें ती आवळलेलीच राहते, आणि त्यामुळें धार अडते व ठणका लागतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘नवेगान्धारणीय’ नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. मूत्रवेग अडविल्यानें बस्तींत शूळ उठतो, हें त्यांत सांगितलें आहे.

अशा स्नायूंस सैल पडावयास शिकविण्याची एक रीत म्हणजे बायोफीडबॅक. गुदद्वाराजवळील त्वचेवर लहान इलेक्ट्रोड चिकटवितात. स्नायु आवळला कीं पडद्यावरील रेषा चढते, सैल पडला कीं उतरते. यांत विजेचा धक्का नसतो. यंत्र केवळ टिपून दाखवितें. पाटीवरील चूक दिसली म्हणजे मूल ती आपण होऊन सुधारतें, तसेंच हें. मात्र शिकवावयास जाणता फिजिओथेरपिस्ट हवा, आणि कित्येक आठवडे नेमानें अभ्यास हवा.

नेदरलंड्‌समधील डॉक्टरांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ३१ प्रौढ पुरुषांनीं हें शिक्षण पुरें केलें. ४३ पैकीं मोजावयाचा त्यांच्या त्रासाचा सरासरी अंक २३.६ वरून ११.४ वर आला. तुलनेस दुसरा गट नव्हता, तेव्हां यास रामबाण समजूं नये. मूत्रतपासणी व डॉक्टरांची परीक्षा आधीं व्हावी. थंडी वाजून ताप, लघवींत रक्त, लघवी तुंबणें किंवा वृषणांत अकस्मात्‌ तीव्र वेदना झाल्यास तर क्षणाचाहि विलंब करूं नये.

आणखी एक सूचना. हठयोगांतील मूलबंधांत याच भागाचें आकुंचन करावयाचें असतें. ज्याचे स्नायु आधींच आवळलेले आहेत, त्या मुलास तो घरच्या घरीं करावयास लावूं नये.

सोळा वर्षांच्या पुत्राशीं मित्राप्रमाणें वागावें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. मुलगा अडखळत कांहीं सांगूं लागला, तर दटावूं नका, हंसूं नका; त्याचें सारें ऐकून घ्या, आणि त्याच्यासह मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. त्या उपदेशाची कसोटी अशाच वेळीं लागते.