‘काळच तसा होता’ ही सबब खोटी

जुन्या वेस्टर्न चित्रपटांतले आरडाओरडा करत घोडे दौडवणारे ‘रेड इंडियन’ आज बघवत नाहीत. त्यावर कुणी बोट ठेवलं की ठरलेलं उत्तर येतं: काळच तसा होता. मूकपटांच्या इतिहासासमोर हे उत्तर टिकत नाही.

1910 साली पाथे कंपनीचा ‘व्हाइट फॉन्स डिव्होशन’ हा एका रिळाचा चित्रपट आला. दिग्दर्शक जेम्स यंग डियर. ते स्वतःला विनेबागो या मूलनिवासी समाजातले म्हणवत. मुळं नॅन्टिकोक समाजात होती, असं संशोधकांनी पुढे शोधून काढलं. चित्रपटात एका गोऱ्या माणसाला दूरदेशी वारसा मिळतो. तो आता परतणार नाही या धास्तीनं त्याची मूलनिवासी बायको स्वतःवर सुरी चालवते, पण वाचते. चार वर्षांनी सेसिल डमिल यांच्या ‘द स्क्वॉ मॅन’मध्ये गोऱ्या नायकाची मूलनिवासी बायको शेवटी आत्महत्या करते. ती भूमिका केली रेड विंग यांनी, म्हणजे नेब्रास्कातल्या विनेबागो समाजात जन्मलेल्या लिलियन सेंट सिर यांनी. यंग डियर यांच्याशी लग्न झालेल्या त्या याच! चेहरा अस्सल होता, कथेची सूत्रं मात्र दुसऱ्याच्या हाती होती.

या चित्रणाविरुद्ध तेव्हा कुणी बोललं नाही, असंही नाही. 1911 मध्येच मूलनिवासींच्या प्रतिनिधींनी वॉशिंग्टनपर्यंत तक्रारी नेल्या. मेक्सिकन माणूस म्हणजे दगाबाज खलनायक, या साच्याला कंटाळून मेक्सिकोच्या सरकारनं 1922 मध्ये असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदीचं हत्यार उपसलं.

सगळ्यात भक्कम पुरावा 1920 चा. ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांत चित्रित झालेल्या ‘द डॉटर ऑफ डॉन’मध्ये तीनशेच्या आसपास कलाकार होते, सगळे कायोवा आणि कोमांची. कपडे त्यांचे, घोडे त्यांचे, तंबूही त्यांचेच. कोमांची नेते क्वाना पार्कर यांची मुलं, व्हाइट आणि वानाडा, प्रमुख भूमिकांत. दिग्दर्शक नॉर्बर्ट माइल्स गोरे होते, हे खरं. तरीही प्रेम, शिकार, वैर हे सारं त्या समाजांच्या आपसातलं आहे. पुढे हा चित्रपट अनेक दशकं बेपत्ता होता. 2013 मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जागा मिळाली.

कृष्णवर्णीय काऊबॉयही पडद्यावर होते. बैलाला शिंगांना धरून लोळवणारे बिल पिकेट ‘द क्रिमसन स्कल’मध्ये दिसले, त्याचं चित्रीकरण झालं ओक्लाहोमातल्या बोली या कृष्णवर्णीयांच्या गावात. कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांनी तर साउथ डकोटात स्वतः शेती केली होती. त्या अनुभवावर 1919 मध्ये ‘द होमस्टेडर’ काढला. त्याची प्रत आज उपलब्ध नाही.

एवढं सगळं समोर असताना पॅरामाउंटनं 1925 मध्ये ‘द व्हॅनिशिंग अमेरिकन’च्या मूलनिवासी नायकासाठी रिचर्ड डिक्स हा गोरा नट निवडला. ही काळाची लाचारी नव्हती. दुसरा रस्ता माहीत असून नाकारला गेला, आणि बोलपटांच्या काळात तर तोच शिरस्ता पडला.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्या चॅप्लिन आणि कीटन आवर्जून दाखवतात. त्यांनी यंदा एक संध्याकाळ ‘द डॉटर ऑफ डॉन’साठी राखून ठेवावी.