हळे एले की होस एले?

पावसाळा सरत आला की ओळखीच्या भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो : "झाडाची पाने पिवळी पडलीत, कुठले खत घालू?" त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला : पिवळे पडलेले पान जुने की नवे? आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, म्हणून मी विचारते, "हळे एले की होस एले?" मुलांच्याही ते चटकन लक्षात राहते.

नत्र, स्फुरद, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला पुरवते. घरात दूध कमी असले की मोठी माणसे कोरा चहा घेतात आणि दूध लेकरांना ठेवतात, तसेच हे. म्हणून या चौघांची उणीव आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम आणि बहुतेक झाडांत बोरॉनही एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. ते कमी पडले की उपाशी राहतो तो नवा शेंडा.

आता खालची पाने पाहा. अख्खे पान सारखेच पिवळे आणि वाढ खुंटलेली असेल, तर नत्र कमी. मुसळधार पावसात कुंडीतले नत्र धुऊन जाते. अशा वेळी गांडूळखत किंवा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचे पातळ पाणी द्यावे. कडा करपल्या तर पालाशाची शंका घ्यावी. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियमची. पाने काळपट-जांभळट दिसली तर स्फुरदाची.

वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरांची जाळी मात्र हिरवीगार, ही लोहाच्या उणिवेची खूण. टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा पडतो तो कॅल्शियम न पोचल्याने. पण त्याचे मूळ बहुधा कधी भरपूर, कधी कोरडे अशा पाण्यात असते.

एका भगिनींची जास्वंद अशीच वरून पिवळी पडत चालली होती. "अत्तेंनी लावलेली आहे हो. त्या गेल्या, आता ही तरी राहू दे," त्या म्हणाल्या. देवपूजेची फुले त्याच झाडाची. जपायचे म्हणून त्या दर आठवड्याला बंबातली राख घालत. बोअरचे पाणीही इतके जड की बादलीला पांढरा थर धरलेला. राखेत पालाश असते हे खरे, पण राख आणि जड पाणी दोन्ही मातीची आम्लता घटवतात. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. चुनखडीच्या काळ्या मातीतही हेच होते.

राख बंद केली, पागोळीचे साठवलेले पाणी सुरू केले. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, मिसळून संध्याकाळी फवारले. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. त्यानंतर फुटलेली पाने हिरवी आली. फार पिवळी झालेली पाने पूर्ण सुधारत नाहीत, म्हणून उपायाचा गुण नेहमी नव्या पानावर पाहावा.

खताची पिशवी उघडण्याआधी आणखी दोन गोष्टी करा. बोट मातीत खुपसून पाहा; माती सतत ओलीगच्च असेल तर मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. तिथे खत नको, कुंडीचे भोक मोकळे करा. मग पान उलटून कोळी किंवा पांढरी माशी नाही ना, तेही बघा. आणि तळाचे एखादेच म्हातारे पान पिवळे होऊन गळले, तर गळू द्या. ते त्याचे वयच असते.