ज्याच्या वतीने संमती देणारे कोणी नाही

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत ख्रिस्ती बालकाश्रमाविषयीचा लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याचे मूल आपल्या छपराखाली ठेवून वाढविण्याचे काम मुंबईच्या उपनगरांत ज्या मोजक्या संस्था पिढ्यान् पिढ्या करीत आल्या, त्यांत ख्रिस्ती संस्थांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यापुढे जो अवघड प्रश्न उभा राहतो, तोच धम्माच्या नावाने वसतिगृह चालविणाऱ्या आपल्यापुढेही उभा आहे. आपल्याकडे मात्र त्याची चर्चा शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवून होते, स्वतःच्या घराविषयी होत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अंधेरी पश्चिमेस वीरा देसाई मार्गावर सेंट कॅथरीन्स होम आहे. १८३३ साली बेल्जियममधील लिएज येथे स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या धर्मभगिनी ते चालवीत आल्या. सिस्टर ॲना हुबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन धर्मभगिनीने आपले आयुष्य या घराला वाहिले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. मूल सांभाळणे म्हणजे रोजचे दूध, कपडे, औषधपाणी, शाळेची वह्या-पुस्तके. आणि त्यासाठी पैसा हवा. त्यांच्या हाकेला ओ दिली ती बॉन शहरातील रोझी गोलमन या शिक्षिकेने. १९६७ साली त्यांनी जी संस्था स्थापन केली तिचे नावच ‘अंधेरी-हिल्फे’, म्हणजे ‘अंधेरीला मदत’ असे आहे. पुढे ही संस्था अनाथालयापुरती उरली नाही. मूल उघड्यावर पडते ते ज्या दारिद्र्यामुळे, आजारामुळे आणि स्त्रियांच्या असहायतेमुळे, त्या मुळांकडे ती वळली. हे वळण आम्हांस फार मोलाचे वाटते. कारण अनाथालय उत्तम चालणे ही समाधानाची गोष्ट असली, तरी अनाथालयाची गरजच कमी होणे ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

परदेशी पैशाविषयी आपल्या समाजात, आणि इतरही समाजांत, बरेच बोलले जाते. या देणग्यांचा हिशेब सरकारने मागावा, काटेकोरपणे मागावा. पण अंधेरीच्या पोरक्या बाळांची आठवण बॉनमधील एका शिक्षिकेला व्हावी लागली, तेव्हा अंधेरी, विलेपार्ले, घाटकोपर येथील सुखवस्तू घरे काय करीत होती, हेही त्याच हिशेबाच्या वहीत लिहावयास हवे.

त्याच अंधेरीत दुसरा एक प्रयोग झाला. १९६२ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केलेल्या ‘स्नेहसदन’ने रेल्वे स्थानकांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी एकच प्रचंड वसतिगृह न बांधता वस्तीतील छोटी छोटी घरे केली. घरात थोडी मुले आणि त्यांच्यासोबत राहणारे पालक. शेजाऱ्यांच्या मुलांसारखेच दळण आणावयाचे, पाणी भरावयाचे, शाळेत जावयाचे. शंभर ताटे एका घंटेवर मांडणाऱ्या संस्थेत मुलाला शिस्त लागते, पण घर म्हणजे काय ते कळत नाही, हे ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत त्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस निराळे सांगावयास नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टाकून दिलेले अर्भक संस्थेत आले की चोवीस तासांच्या आत ते बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. पोलिसांत नोंद होते, वृत्तपत्रात छायाचित्र देऊन जन्मदात्यांचा शोध घेतला जातो. वैद्यकीय अधिकारी अंदाजाने वय ठरवितात आणि त्या अंदाजाची तारीख पुढे आयुष्यभर वाढदिवस म्हणून मिरवते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे मूल चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित होणे अपेक्षित आहे. नाव ठेवण्याचे कामही बहुधा संस्थेकडेच येते. ज्यांना दत्तक पालक मिळतात ती मुले जातात. जी उरतात, थोडी मोठी, थोडी आजारी, थोडी सावळी, ती त्या घरात वाढतात. सकाळी प्रार्थनेची घंटा होते. ती मुले कोणाला शरण जात आहेत, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये याचे एक उत्तर आहे. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. तरतूद स्वच्छ आहे. परंतु पोरक्या मुलाच्या बाबतीत ती चमत्कारिक जागी येऊन थांबते. रोजच्या जीवनात पालकाच्या जागी असते ती संस्थाच. धर्म शिकविणारीही संस्थाच. विचारणारा आणि होकार देणारा एकच झाला, तर त्या होकाराला संमती कसे म्हणावे? आई गावी असलेल्या किंवा वडील आजारी असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. तेथे विचारण्यास कोणीतरी आहे. ज्याला कोणीच नाही, त्याच्या बाबतीत संस्थेने स्वतःच स्वतःला आवर घालावा लागतो. कायदा तेथे पुरेसा पोहोचत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे चटके पूर्वी सोसले आहेत. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरलेले होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या तेव्हा वादळ उठले आणि १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या काढून नेणाऱ्यांना आम्ही एकाएकी दोष देत नाही. पालक होते आणि त्यांना विचारण्याचा हक्क होता. पण ज्यांनी नुसती ओरड केली त्यांच्यापेक्षा ज्यांनी दुसरे घर उभे केले त्यांचे काम टिकले. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, यांचे पती धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. आणि या सर्वांच्या कितीतरी आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. ज्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले, त्यांच्या घरातील हा पाळणा आहे.

धम्मसाहित्यातही पोरकी मुले आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात एका कुटुंबाची हकिकत येते. साथीने सारे घर गेले, दोन लहान मुलगे उरले. भिक्खू दिसले की ती पूर्वीच्या सवयीने धावत जात. भिक्खू त्यांना हाकलीत आणि ती रडत. पंधरा वर्षांखालील मुलास प्रव्रज्या देऊ नये असा नियम होता. ही मुले नाश पावू नयेत म्हणून आयुष्मान आनंदांनी बुद्धांना विचारले, तेव्हा मुलांना कावळे हाकता येतात का, एवढेच बुद्धांनी जाणून घेतले आणि नियम सैल केला. त्याच ग्रंथात राहुलाची प्रव्रज्या आहे. नातवाच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या शुद्धोदनाने विनंती केली आणि बुद्धांनी मातापित्यांच्या अनुज्ञेविना मुलाला प्रव्रजित करू नये असा नियम घालून दिला. एका प्रसंगात करुणेसाठी नियम वाकला, दुसऱ्यात कुटुंबाच्या दुःखासाठी नवा नियम झाला. पोरक्या मुलाला आसरा द्या, पण त्याच्यावर मालकी सांगू नका, असा आम्ही दोहोंचा मिळून अर्थ घेतो. कोणास तो वेगळा लागला तर चर्चेस आमची तयारी आहे.

आता आपल्या घराविषयी. सकाळची वंदना ही वसतिगृहाची शिस्त आहे, ती ऐच्छिक केली तर घडी विस्कटेल, असे आपले काही ज्येष्ठ उपासक म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो, पण मत आमचे निराळे आहे. पहाटे उठणे, आंघोळ, शांत बसणे ही शिस्त. खोटे न बोलणे, चोरी न करणे, नशेपासून दूर राहणे हे पंचशीलातील आचरण; तेही प्रत्येक मुलास शिकवावे. त्रिशरण मात्र स्वतःच्या तोंडाने, स्वतःविषयी उच्चारलेले वचन आहे. बाबासाहेबांनी येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एवढ्या प्रज्ञावंताने विचारास एकवीस वर्षे घेतली. बालकल्याण समितीने आपल्याकडे पाठविलेल्या आठ वर्षांच्या पोरक्या मुलाला आपण एकवीस दिवसही देऊ नयेत काय? त्याने वंदनेत बसावे, न बसावे, शेजारी बसून नुसते ऐकावे. त्यावरून त्याच्या ताटात किंवा मायेत फरक पडू नये. ख्रिस्ती घरांकडून आपण ज्याची अपेक्षा करतो ते हेच ना?

संस्थेची श्रद्धा मुलाच्या आड कशी येऊ शकते याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. २०१५ साली नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व घटस्फोटित व्यक्तींनाही दत्तक घेण्याची मुभा स्पष्ट झाली, तेव्हा मिशनरीज ऑफ चॅरिटीने देशातील आपले दत्तकाचे काम थांबविणे पसंत केले. मदर तेरेसांच्या भगिनींच्या सेवेविषयी आमच्या मनात आदर आहे; हा निर्णय मात्र आम्हांस पटला नाही. आईवडील दोघे असावेत ही त्यांची श्रद्धा, पण पाळण्यात वाट पाहणारे मूल त्यांचे नव्हते.

येथे आपल्याला एक जुनी गोष्ट आठवावी लागेल. धम्मदीक्षेच्याच वर्षी, १९५६ च्या डिसेंबरात, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला आणि त्यात बौद्धांचा समावेश होता. म्हणजे आपल्याला दत्तकाचा हक्क तेव्हापासून आहे. ज्या धर्मभगिनी ती बाळे सांभाळीत होत्या, त्यांच्याच धर्मातील जोडप्याला मात्र १८९० च्या कायद्याखाली बहुतांशी नुसते पालकत्व मिळे, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. बालन्याय कायद्याने ही वाट सर्वांना मोकळी केली आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला खुली असल्याचे स्पष्ट केले. हक्क हाती असताना आपण किती पाळणे रिकामे केले?

राजगृहाच्या उकिरड्यावर टाकलेले, कावळ्यांनी वेढलेले एक बाळ अभय राजकुमाराने जिवंत आहे म्हणून उचलले, तो जीवक. मोठा झाल्यावर त्याने आपले आईवडील कोण ते विचारले. आई ठाऊक नाही, पण तुला मी वाढविले म्हणून मी पिता, असे अभयाने खरे तेच सांगितले. मग जीवक तक्षशिलेस वैद्यकी शिकण्यास निघून गेला, अभयाची परवानगी न घेता. आजच्या जीवकाला अठराव्या वर्षी संस्था सोडावी लागते. अनुरक्षणाची तरतूद एकवीसपर्यंत आहे, पण भाड्याची खोली देताना घरमालक गाव विचारतो, आडनाव विचारतो, आणि त्या आडनावाआडून जात विचारतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंडमध्ये आपल्या माजी विद्यार्थ्यांची घरे आहेत, दुकाने आहेत, कार्यालयांत ओळखी आहेत. कोणत्याही धर्माच्या बालकाश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींसाठी खोली, काम किंवा नुसता सणावाराला जेवणाचा पत्ता देण्यास जे तयार असतील, त्यांनी आपली नावे विद्यालयाच्या कार्यालयात नोंदवावीत. वही या स्मरणिकेच्या प्रकाशनाच्या दिवसापासून टेबलावर ठेवलेली असेल.