टोळी तुमच्या फडात उतरण्याआधी

दिवाळी झाली की बीड-जालन्याकडची माणसं ट्रॅक्टर भरून येतील. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं, कधी एखादी शेळी. त्यातली एक टोळी तुमच्या फडात उतरेल.

तोडणीचं कारखाना बघेल, मुकादम बघेल, असं आपण म्हणत आलो. पण ऊस तुमचा आहे, रानही तुमचं. तेव्हा थोडं मनावर घ्या.

आधी पाणी. मोटार चालू करून द्या. पिण्याचं पाणी झाकून ठेवा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा त्यांच्या हाती चुकूनही पडू देऊ नका.

मग लेकरं. तान्हं पोर पाचटावर निजवून आई मोळी बांधत असते. ओढणीखाली झोपलेलं पोर ट्रॅक्टर मागं घेणाऱ्याला दिसत नाही. गाडी फडात शिरण्याआधी लेकरं मोजा. बांधावरच्या झाडाला झोळी बांधू द्या. शाळेच्या वयाचं पोर दिसलं तर गुरुजींना सांगा. दाखला नाही म्हणून त्याला शाळेत घ्यायचं अडत नाही, तसा २००९ चा कायदाच आहे.

आता बाईचं. नवरा-बायको मिळून हिशोबात एक कोयता. उचल आधीच घेतलेली, बहुतेक वेळा खर्चूनही झालेली. एक दिवस बसली की खाडा, आणि पैसे कापले जातात. म्हणून पोटात कळ असली तरी ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. बीडमधल्या कितीतरी तोडकरी बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ साली बाहेर आलं. सरकारला समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडतो, ही भीती त्यामागच्या कारणांत होती.

तुमच्या घरचा संडास, न्हाणी तिला वापरू द्या. ती आजारी दिसली तर मुकादमाला म्हणा, आज ही बसेल, खाडा धरू नका. मुकादम तिचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल.

टोळी वरचे पैसे मागते, त्या खुशालीवरून तुमचा राग असतो, तो खोटा नाही. त्याची तक्रार कारखान्याकडे लेखी करा. राग पाण्यावर काढू नका.



आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत उठून विचारा. मजुरांचा विमा उतरवलाय का? कोप्यांजवळ दिवा, संडास आहे का? ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर आहेत का? देशातली निम्म्याहून जास्त साखर शीतपेयं, बिस्किटं, मिठाईवाले घेतात. त्यातले मोठे ग्राहक आता ऊस कुणी आणि कसा तोडला, हे विचारू लागलेत. कारखान्याला उत्तर देता आलं नाही तर त्याची झळ तुमच्या ऊसबिलालाही बसेल.

टोळी यायच्या आदल्या दिवशी बांधावर एक बल्ब लावून ठेवा. त्या बाया पहाटे अंधारातच उठतात.